तांब्याच्या पत्र्यावरची देवी

लालबागमधल्या एका चाळीच्या पटांगणात त्या मंगळवारी एवढी गर्दी होती, की अलीकडे गिरणीसंपाच्या सभेलाही तेवढी होत नसे. संपाचं दुसरं वर्ष सरत आलं होतं. सभेत काय बोललं जाणार ते सगळ्यांना पाठ झालं होतं. इथं निदान काहीतरी नवीन बघायला मिळत होतं.

मधोमध चौरंग. त्यावर गरम पाण्याची परात, परातीत काचेचं पसरट भांडं आणि भांड्यात चहाच्या रंगाचं तीर्थ. चौरंगामागे ताम्रनाथ महाराज हातात तांब्याचा पत्रा धरून बसले होते. अंगावर भगवी कफनी, गळ्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं.

"हा पत्रा कोरा आहे की नाही? लांबूनच बघा, हात लावू नका. बोला!"

"कोरा!" लोक म्हणाले.

"काय दिसतंय?"

"काही नाही, महाराज."

"काही नाही! तुमच्या घरात आज काय आहे? काही नाही! आणि जिथं काही नाही, तिथंच आई येते!"

महाराजांनी पत्रा तीर्थात सोडला आणि भांडं दोन्ही हातांनी हळूहळू झुलवायला सुरुवात केली. वर पाळणाही म्हणू लागले. देवी बाळरूपात येते म्हणे, तिला जोजवावं लागतं. गरम पाणी कशाला? तर पाताळातून येताना तिला थंडी वाजते. बऱ्याच वेळाने त्यांनी पत्रा लाकडी चिमट्याने बाहेर काढला, पाण्यात बुचकळला आणि वर धरला. काळपट पृष्ठभागावर तांब्याच्या रेघांची देवी उमटली होती. डोळे, नथ, मळवट, सगळं होतं.

कोणी ओरडलं नाही, कोणाच्या अंगात आलं नाही. माणसं हात जोडून नुसती उभी राहिली. जवळपास दोन वर्षांत त्यांची आशा इतकी झिजली होती, की चमत्कार बघूनही त्यांच्या चेहऱ्यावर फारसं काही हललं नाही. मला त्या महाराजाचा संताप येण्याआधी या चेहऱ्यांचीच भीती वाटली.

मी मीनाक्षी. परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि दादरला राहते. इथं मला शांतीने ओढून आणलं होतं. तिचा नवरा चंदू गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. संप सुरू झाल्यापासून शांती माझ्याकडे स्वयंपाकाला येते. संपातच चंदूला क्षय झाला. पालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली, ताप उतरला, तो दोन घास खायला लागला. आणि तेवढ्यात हे महाराज अवतरले. औषध पोटात असेल तर आई अंगात शिरत नाही, म्हणाले. गोळ्या बंद झाल्या. आता पुढच्या मंगळवारी चंदूच्या नावाचा पत्रा तीर्थात जाणार होता. त्यावर देवी उमटली, की उरलेल्या गोळ्या समुद्रात सोडायच्या आणि दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची नाही, असं शांतीने कबूल केलं होतं. चंदूचा खोकला मात्र परत सुरू झाला होता.

मला त्या पटांगणात एकच गोष्ट दिसत होती, ते झुलवणं. कारण माझ्या गॅलरीत मीही तेच करते.

मला रेडिओ, ॲम्प्लिफायर असलं काहीबाही घरी बनवायचा नाद आहे. त्यासाठी सर्किट बोर्ड लागतो, तोही मी घरीच करते. बेकलाइटच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, पातळ तक्त्यावर तांब्याचा पापुद्रा चिकटवलेला मिळतो. जिथं तांबं ठेवायचं तिथं नेलपॉलिशने रेघा काढायच्या आणि तक्ता फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकतं, पॉलिशखालचं तेवढं शिल्लक राहतं. मग त्या रेघांतून वीज खेळते. भांडं सारखं झुलवत ठेवावं लागतं, नाहीतर तांबं कुठं खाल्लं जातं, कुठं राहतं. खाली गरम पाणी ठेवलं की काम लवकर उरकतं. आणि कितीही जपा, बोटांवर पिवळे-तपकिरी डाग पडतातच. माझ्या दोन साड्या त्यात गेल्या आहेत. महाराजांच्या कफनीच्या बाहीवर तसलेच डाग होते.

दुसऱ्या दिवशी मी शांतीला ओट्याजवळ उभं केलं, नेलपॉलिशने देवीचं तोंड काढलं आणि तक्ता झुलवून तिला दाखवला. माझी देवी जरा चकणी आली, पण आली.

शांतीने ती नीट बघितली. "बाई, तुम्ही आधी काढलात, म्हणून इली. त्यांनी खंय काढल्यानी? पत्रो कोरो होतो. तुम्ही पण बघितलात."

तिचं बरोबर होतं. पत्रा मलाही कोराच दिसला होता. शांती पोळ्या लाटायला लागली आणि मी माझ्या चकण्या देवीकडे बघत बसले.

महाराजांचा एक नेम होता. पत्रा ज्याच्या नावाचा, त्याच्या घरी तो आदल्या दिवशी द्यायचे. रात्रभर देव्हाऱ्यात ठेवायचा, त्यावरचं लाल फडकं काढायचं नाही, पाणी लावायचं नाही. पत्र्याची मागची बाजू शेंदराने माखलेली असे. आता कळतं, ते बेकलाइट झाकायला. पण चंदूच्या घरात त्याची आई होती, सखुबाई. घासल्याशिवाय तांब्याचं भांडं देवापुढे ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

मंगळवारी पटांगण पुन्हा भरलं. सखुबाई पत्रा घेऊन पुढे आली आणि तिने लाल फडकं उघडलं. पत्र्यावर देवी आधीच उमटलेली होती. पत्रा लखलखीत आणि त्यावर देवी काळपट.

"माका माफ करा, महाराज," ती म्हणाली. "देवापुढे ठेवूचा तांबा असा काळा? फडक्याच्या कडेन दिसला, बघवला नाय. चिंचेचो कोळ लावलंय नि घासलंय. तर ही आई!"

महाराजांचा चेहरा क्षणभर उतरला, पण गडी तयारीचा होता. "बघा!" ते गरजले. "तीर्थाला शिवण्याआधीच आई आली! या घराची पुण्याई बघा!"

लोकांनी पुन्हा हात जोडले. मी मात्र सखुबाईच्या हातातून पत्रा घेऊन उन्हात तिरका धरला आणि आठवडाभर सुटत नसलेलं कोडं सुटलं. देवीच्या रेघांवर काचेसारखी बारीक चकाकी होती. बाकीचं तांबं चिंचेने उजळलं होतं. रेघा तेवढ्या उजळल्या नव्हत्या, कारण तिथं चिंच पोचलीच नव्हती.

"शांती," मी म्हटलं, "घरात इंजेक्शनच्या वेळचं स्पिरिट असेल ना? आण."

"औषधाचा स्पर्श!" महाराज ताडकन उठले. "त्या पत्र्याला औषध लागलं, तर या घरातलं माणूस जाईल! मग मला बोल लावू नका!"

शांती थिजली. ती चंदूकडे बघत राहिली. तो पायरीवर टेकून बसला होता. नवऱ्याच्या जिवावर तिला पैज लावायला लावत होते मी, आणि ते मला कळत होतं. पण न लावली तरी जीव त्याचाच जाणार होता.

चंदूने खोकून घेतलं. "आण गो," एवढंच म्हणाला.

ती बाटली घेऊन आली. कापूस भिजवून मी पहिली रेघ पुसली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, देवी आहे ती."

"देवीला कोण पुसणार?" मी एकेक करत सगळ्या रेघा पुसत म्हटलं. "मी लाख पुसतेय. फर्निचरला पॉलिश करतात ती लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पातळ हात दिला तर वाळल्यावर दिसत नाही. तिनेच आधी चित्र काढून ठेवतात. पत्रा कोरा नसतोच, तुम्हाला लांबून कोरा दिसतो. तीर्थात उघडं तांबं विरघळतं, लाखेखालचं राहतं. सखुबाई, आता परत चिंच लावा."

सखुबाईने पुसलेल्या जागी पुन्हा चिंच घासली. सगळा पत्रा एकसारखा उजळला. देवी कुठंच नव्हती.

"आता सोडा तीर्थात," मी महाराजांना म्हटलं. "आई असेल तर येईल."

ते हलले नाहीत. मग मीच पत्रा सोडला आणि भांडं झुलवलं. पाळणा कोणी म्हटला नाही. तांबं हळूहळू विरत गेलं. शेवटी चिमट्याला जो आला तो नुसता बेकलाइटचा तपकिरी तुकडा होता, एका बाजूला शेंदूर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. मी तो हातोहात फिरवायला दिला. ज्याच्या हातात गेला, त्याने बघितला आणि पुढच्याला दिला.

मला वाटलं होतं लोक महाराजांना चोपतील, निदान शिव्या तरी घालतील. काही नाही. महाराज आपली भांडी पिशवीत भरून निघाले, तर लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. चौरंग चाळीच्या मंडळाचा होता, तो कोणीतरी उचलून आत नेला. पटांगण रिकामं झालं.

मी चंदूच्या शेजारी जाऊन बसले. "चंदूभाऊ, आता तरी गोळ्या सुरू करा."

"देवी खरी की खोटी, मी इचारच नाय केला, बाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. "ही म्हणाली गोळी घे, घेतली. ते म्हणाले सोड, सोडली. बरा होऊन जाऊ खंय? गेट बंद हाय."

शांतीने तोंडात पदर धरला. लाख कशी पुसायची ते मला माहीत होतं. याला काय सांगायचं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"गिरणी कधी उघडेल मला माहीत नाही," मी म्हटलं. "उघडेल की नाही तेही माहीत नाही. जो म्हणेल मला माहीत आहे, त्याचं ऐकू नका. गोळीचं मात्र माहीत आहे. नेमाने घेतली तर तुम्ही जगाल. मधेच सोडली तर बहुतेक नाही. उद्या मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येते. गोळ्या मधे बंद होत्या हे डॉक्टरांना खरं सांगायचं. पुढे काय घ्यायचं ते तेच ठरवतील."

तो भिंतीचा आधार घेत उठला. "किती वाजता?" त्याने विचारलं.

वाचकहो, चमत्कार दाखवणाऱ्याला एकच म्हणा: जरा हातात द्या, घासून बघतो. त्याने दिलं नाही, तर तिथंच उत्तर मिळालं. आणि तुमच्या घरातलं कोणी औषध बाजूला सारून बुवाकडे निघालं, तर त्याला हसू नका, रागावू नका. त्याच्यासाठी दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभे राहा.