पिकणारं चित्र

गुरुवारी सकाळी फ्रेमवाल्याच्या दुकानासमोर पुन्हा रांग लागली. आत दीडशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र टांगलं होतं. फुलदाणीत गुलाब, खाली द्राक्षं, पीच आणि अर्धं सोललेलं लिंबू, सगळंच काळपट. पण दर गुरुवारी त्यातलं एक फळ ताजं व्हायचं. मंगळवारपर्यंत चहाच्या डागासारखं दिसणारं पीच आज लालबुंद होऊन बसलं होतं.

"चित्र पिकतंय," फ्रेमवाला डोळे मिटून सांगत होता. "निरखत राहा, नजर उजळेल. शंका घेणाऱ्याला मात्र सगळं मळकंच दिसणार." म्हणजे दिसलं तर चित्राची कृपा, नाही दिसलं तर तुमचंच पाप.

त्याची थोरली बहीण दाराशी उभी होती आणि तिचा नुसता जळफळाट होत होता. जुनी चित्रं साफ करायला वडिलांनी दोघांनाही शिकवलं. हा फ्रेमा विकायला बसला, ती वीस वर्षं मागच्या खोलीत चित्रं साफ करत राहिली. तिथे कुत्रंही फिरकलं नाही. आणि आई रोज धाकट्याला खेटून बसून कौतुकानं मान डोलवत होती.

"अगं, मला पीचवरची लव दिसली," आई म्हणाली. "मोतीबिंदू आपोआप विरघळतोय. परवाच्या ऑपरेशनला येत नाही म्हणून कळवून टाकलं मी."

आणखी थांबलात तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बहीण तरातरा चित्रापाशी गेली. पीचच्या कडेला रंग रेघ मारल्यासारखा बदलत होता. आणि वास स्पिरिटचा होता, चित्रं साफ करायच्या तिच्याच बाटलीतल्या. बुधवारी दुकान बंद असतं, ती बाहेरच्या कामाला जाते, आणि मागची खोली त्याला मोकळी मिळते.

"तू पुसलंयस हे."

धाकटा रांगेकडे वळून हसला. "ताईला लहानपणापासून माझं काही बघवत नाही."

रांगही हसली. ते खरंच होतं, म्हणून तिला जास्त झोंबलं.

"हो, जळते मी," ती म्हणाली. "तेव्हा माझं मुळीच ऐकू नका. आई, तू पुस."

तिनं मागच्या खोलीतून बाटली आणली, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटात बुडवला, आईचं मनगट धरून लिंबावर हलकेच फिरवला. कापूस पिवळट तपकिरी झाला. लिंबू लख्ख झालं. रांगेतलं हसू थांबलं.

"चित्राला वरून वॉर्निश लावतात. ते जुनं झालं की पिवळं पडतं. पुसलं की खालचा मूळ रंग दिसतो. उजळलं ते चित्र, आई. तुझे डोळे होते तसेच आहेत. हे वाच बघू." तिनं हॉस्पिटलचं कार्ड पुढे केलं.

आईनं ते नाकाशी नेलं, मग लांब धरलं. "यावर काही लिहिलंय?" तिनं हळूच विचारलं.

"ऑपरेशन रद्द कर असं मी कुठे म्हणालो?" धाकटा पुटपुटला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"पण पीच त्यानं किती सुबक पुसलंय," आई म्हणाली. बहिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तिनं हॉस्पिटलला फोन लावला. परवाची जागा अजून रिकामी होती, ती तिनं आईसाठी पक्की केली.

"मी हे हेव्यापोटीच बोलले," फोन ठेवून ती रांगेला म्हणाली. "आणि हा किती गोड बोलत होता. म्हणून बोलणाऱ्याचं तोंड बघू नका. आधी पुसून बघा. आणि डोळ्यांना दिसत नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा."