पायथ्याच्या फळीवरचा ब्रेक

या मित्रांनो, जरा सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आज एक गोष्ट सांगतो. वरवर पाहिलं तर ती चाकांची आहे, पण खरी गोष्ट झोपेची आहे.

मी एक जुना बर्थ आहे. आगगाडीचा नव्हे, ट्रकचा. ड्रायव्हरच्या सीटमागे आडवी फळी, तिच्यावर काथ्याची गादी, वर तपकिरी रेक्झीन, एवढाच माझा संसार. सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि पायथ्याशी एक उभी फळी ठोकली. गादी भरणारा मोठा मिश्किल. म्हणाला, "कडकच ठेवतो. मऊ केली तर ड्रायव्हर उठायचा नाही आणि माल पोचायचा नाही!"

माझ्या गाडीचे ड्रायव्हर पिकल्या मिशांचे, उंचपुरे. गाडीतळावर सगळे त्यांना काका म्हणत. काका रस्त्यावर एकटेच असायचे. स्वतःच गायचे आणि स्वतःच वाहवा म्हणायचे. दमले की गाडी झाडाखाली लावून माझ्यावर आडवे होत. उठताना गादीवर थाप मारून म्हणत, "बरं वाटलं रे बाबा!" लाकडाच्या जन्माला येऊन आणखी काय मागावं?

खेपा वाटून देण्याचं काम ऑफिसातल्या ताईंचं होतं. फरशा, कपाटं, लोखंडी पाईप वाटेत थांबले म्हणून रुसत नाहीत. ती खेप एकट्या ड्रायव्हरची. थांबलं की ज्या मालाच्या जिवावर बेततं, तो मात्र जोडीला. एकाने चालवायचं, दुसऱ्याने झोपायचं, मग अदलाबदल. चाकं फिरती राहिली पाहिजेत. जोडी ठरवताना ताई एकच विचारत, "गाडी चालवता येते, ते मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या हाती गाडी देऊन झोप लागते का, ते सांगा."

काकांची साठी उलटली आणि एके दिवशी ताई केबिनच्या दाराशी आल्या. "काका, लांबच्या रस्त्यावर आता तुम्हाला एकट्याला पाठवणार नाही. जोडीदार आणा, नाहीतर गावातल्या गावात खेपा करा."

काकांचा चेहरा पडला. लांबचा रस्ता हाच त्यांचा श्वास होता. शेवटी लेकीनेच तोडगा काढला. तिचा नवराही ड्रायव्हर. ती म्हणाली, "बाबा, यांनाच न्या. दोघं एका गाडीत असलात की मला काळजी तरी एकच."

सासरा आणि जावई एका केबिनमध्ये! तळावर हसू पिकलं. मेकॅनिक ओरडला, "काका, जावयाला राबवून सासरा झोपणार? पाप कुठे फेडाल?"

जावई गुणाचा होता, हातही हलका. पण सासऱ्यापुढे तोंड उघडणं म्हणजे उद्धटपणा, अशी त्याची समजूत. "होय मामा," "नको मामा," की बोलणं संपलं. वळण आलं तरी गप्प, खड्डा आला तरी गप्प. आणि मागे पडद्याआड काका माझ्यावर टक्क उघड्या डोळ्यांनी पडलेले! गाडी जरा हलली की त्यांचा उजवा पाय माझ्या पायथ्याच्या फळीवर दाबला जाई. कर्र! काका पडल्या पडल्या ब्रेक मारत होते.

पहिल्या खेपेहून परतल्यावर ताईंनी विचारलं, "झोप लागली?"

"लागली म्हणजे? घोरलो!" काका म्हणाले. मला तोंड असतं, तर मी तिथेच बोललो असतो.

ताईंनी विश्वासाने पुढची खेप दिली ती एका दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांची. जाळीदार खोक्यांतून नुसता चिवचिवाट. गाडी चालती राहिली तर आत वारा खेळणार, थांबली तर पिल्लं उकडून मरणार. सकाळभर जावयाने चालवलं आणि काका माझ्यावर जागेच पडून राहिले. दुपारी काका स्टिअरिंगवर बसले, जावई लगेच झोपला. थोड्या वेळाने काकांची मान लवली. चाकं खडीवर उतरली, जावई धाडकन खाली आला. काकांनी कशीबशी गाडी सावरून थांबवली.

"मामा, तुम्ही झोपतच नाही ना?"

"डोळे मिटले की वाटतं, पुढे काय आहे कोण जाणे. आणि तुम्ही तर मूग गिळून बसता, जावईबापू!"

"अहो, मी आदराने गप्प बसतो!"

"त्या आदरानेच माझी झोप उडवलीय!"

मागे वारा थांबला होता. चिवचिवाट मंदावू लागला. गाडी उभी ठेवणं शक्य नव्हतं, आणि काका झोपल्याशिवाय पुढच्या अर्ध्या वाटेवर गाडी कोण चालवणार? जावयाने स्टिअरिंग हाती घेतलं. काका माझ्यावर आडवे झाले. मग त्या मुखदुर्बळ माणसाने घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली.

"मामा, डावीकडे वळण आहे. वेग कमी केला."

कर्र.

"पुढे गवताचा ट्रॅक्टर आहे. घाई नाही, मागेच राहतो. समोरून बस येतेय. गेली. आता निघालो."

फळी जराशी कुरकुरली.

"शेळ्या आहेत मामा. ब्रेक मारतोय."

मी वाट पाहिली. फळी वाजली नाही. काकांचा पाय सैल पडला होता. आणि मग मित्रांनो, घोरण्याचा असा काही सूर लागला, की गवयानेही कान धरावा! जावई मात्र बोलतच राहिला. थांबलो तर जागे होतील, या भीतीने त्या झोपलेल्या माणसाला त्याने प्रत्येक पूल, प्रत्येक चढ सांगितला. मी देवाला मनोमन हात जोडले.

काका टवटवीत उठले, मग जावई निवांत झोपला. कोपऱ्यातली काही पिल्लं उष्म्याने दगावली होती, त्याचं दोघांना वाईट वाटलं. बाकीची सगळी पोचली, चोची वासून.

परतल्यावर ताईंनी विचारण्याआधीच काका बोलले. "ताई, मागच्या वेळी थाप मारली होती. डोळ्याला डोळा लागला नव्हता. तुम्हाला वाटलं तर जोडी मोडा. पण या खेपेला झोपलो. साक्षीदार हा. घसा बसलाय बिचाऱ्याचा."

जावयाने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. ताई आधी रागाने बघत राहिल्या, मग त्यांना हसू आवरेना. "जोडी राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण काका, पुन्हा थाप मारलीत तर गावातल्या गावात!"

त्यानंतर कित्येक वर्षं दोघं लांबच्या रस्त्यावर होते, आणि मीही. आता गाडी मोडीत निघाली. मी तळावर ऑफिसबाहेर पडून आहे. रेक्झीन फाटलंय, काथ्या बाहेर डोकावतो, मांजर माझ्यावर नखं घासतं. कुणी दोन टाके घातले तर उपकार होतील. पण तक्रार नाही. दमल्या माणसांना माझ्यावर पाठ टेकायला मिळाली, हे भाग्य थोडं नाही.

एवढंच मागतो. प्रवासात तुमचा डोळा लागेल, तेव्हा पुढे कुणीतरी तुमच्यासाठी जागं असतं, त्याची आठवण ठेवा. आणि उतरताना त्याला सांगा, "मला झोप लागली होती." चालवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही.