हसण्याआधी कापायचं

मी एका बातम्यांच्या चॅनेलमध्ये कापाकापी करते. ओळखपत्रावर व्हिडिओ एडिटर असं छापलंय, पण आमचे बाबा येईल त्याला सांगायचे, "पोरगी शिंपीण झालीय, माणसांची बोलणी बेतते." मला असा संताप यायचा! मी ठसक्यात म्हणायचे, "बाबा, आम्ही पदरचं काही घालत नाही. फक्त पाल्हाळ काढून टाकतो." इतक्या वेळा म्हटलं की त्यांना ते पाठ झालं.

तीन वर्षांपूर्वी बाबांची नजर गेली. आता त्यांना खिडकीचा उजेड कळतो, खिडकीशी उभा माणूस कळत नाही. आई त्याआधीच गेली होती. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दोन गल्ल्या ओलांडून यायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. पहिल्या पानापासून बसच्या वेळापत्रकापर्यंत, एक ओळ न गाळता. मामाची सगळी नोकरी कोर्टात जबान्या मोठ्याने वाचून दाखवण्यात गेली. हातात कागद आला की तो वाचणारच. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा आम्हाला ऐकवल्याशिवाय तो बाटली खाली ठेवत नसे.

बाबा एका पक्षाचे, मामा दुसऱ्या. मला कळायला लागल्यापासूनचं हे भांडण. "गाढवा, तुझ्या पक्षाची बातमी आली की तुझा आवाज चढतो," बाबा म्हणायचे. "भावजी, तुमच्या पक्षाची बातमी असते कुठे, चढवायला?" मामा म्हणायचा. मग दोघं खो-खो हसायचे, आणि चहाला उशीर झाला म्हणून मला बोलणी बसायची. बाबांच्या अख्ख्या दिवसात धड असं तेवढंच होतं, तो सकाळचा दीड तास. बाकीचा दिवस ते उद्याच्या साडेसातची वाट बघण्यात काढत.

निवडणूक आली आणि आमच्या चॅनेलने गावच्या सभागृहात जाहीर चर्चा ठेवली. दोन्ही पक्षांचे पुढारी मंचावर, समोर लोक. दारात प्रत्येकाला गळ्यात घालायला पट्टी द्यायची, पिवळी नाहीतर जांभळी. बिनपट्टीचा माणूस आत सोडायचा नाही, कारण कॅमेऱ्याला दोन रंग लागतात. मामा बाबांना हात धरून घेऊन आला होता. दारावरच्या मुलीने विचारलं, "कोणत्या बाजूचे?" मामा म्हणाला, "एकाच घरचे आहोत हो." ती म्हणाली, "तसा रंग नाही आमच्याकडे." शेवटी मामाने बाबांना पिवळ्यांत नेऊन बसवलं आणि स्वतः जांभळी पट्टी घालून पलीकडे गेला.

बाबा उठले. सरकारी दवाखान्यातलं डोळे तपासायचं मशीन चौदा महिने बंद का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मंचावरचे दोघे एकमेकांकडे बोट दाखवायला लागले, तेव्हा पलीकडून मामा ओरडला, "भावजी, दिसत नाही तर दिसत नाही म्हणा, सरकारवर कशाला ढकलता!" आणि हसत सुटला. बाबांनी तिथल्या तिथे परतवलं, "तुला दिसतं, पण अक्कल कुठाय?" आणि तेही हसले. शेजारची दहा-वीस माणसंही हसली. ही थट्टा आमच्या घरात आठवड्यातून तीनदा व्हायची.

हे सगळं मी ऑफिसात बसून कॅमेऱ्यांतून येणाऱ्या चित्रात बघत होते. आमच्या प्रोड्यूसरला सगळे दहा-सेकंद म्हणतात, कारण दुसरं काही तो मागतच नाही. तो पाठीमागून म्हणाला, "अरे वा! हे दोन म्हातारे दे मला. दहा सेकंद." मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. माझे बाबा आणि माझा मामा टीव्हीवर! "घरचेच आहेत माझ्या," असं मी म्हणालेसुद्धा. त्याने ऐकलं नसावं. बुलेटिनला चार मिनिटं होती. आमच्या धंद्यात एक शिस्त असते, माणूस हसायच्या आधी कापायचं. हसला की धग जाते. ते कोणी सांगावं लागत नाही, बोटंच करतात. आणि सुरुवातीचं "भावजी" उगाच जागा खात होतं, ते मी काढलं. चार मिनिटांत दहा सेकंद तयार झाली. पडद्याखालची ओळ कोणीतरी लिहिली: अंध वृद्धाची भर सभेत थट्टा.

ती दहा सेकंद माझ्या टेबलावरून गेली, एवढंच मी सांगू शकते. थांबवता आली असती का? आली असती.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखा आला. "काय भावजी, फेमस झालात!" दोघं पोट धरून हसले. मी सुटले असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्यांचे चार कार्यकर्ते दारात. बाबांच्या हातात फुलं दिली, अन्यायाचा निषेध केला, फोन तोंडासमोर धरला. बाबा म्हणाले, "अहो, वाईट कसलं वाटतंय, मेव्हणा आहे माझा. पण मशीन बंद आहे ते बघा ना." संध्याकाळी त्यांच्या पक्षाच्या पानावर बाबांचा चेहरा आणि एवढंच वाक्य: "वाईट वाटतंय." माझ्याइतकं सफाईदार नव्हतं, पण लोकांना चाललं.

त्या रात्री कोणीतरी मामाच्या खिडकीची काच फोडली. मग जांभळे मामाकडे धावले. एवढा जुना निष्ठावान, आणि आपल्याला पत्ताच नव्हता! त्यांनी त्याला सभेत मंचावर बसवलं, हातात माईक दिला आणि एक कागद दिला. आणि मामाने तो वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, खणखणीत, एक शब्द न गाळता: "काही लोक आपल्या आंधळेपणाचं भांडवल करून सहानुभूती गोळा करतात."

आमच्या घरात टीव्ही लागला होता. पुढाऱ्याने म्हटलं असतं तर बाबांनी दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण ज्या आवाजात त्यांना तीन वर्षं जग कळलं, त्याच आवाजात हे आलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. टेबलाची कड चुकली, कप फुटला. "उद्या त्याला येऊ नको म्हणावं," ते म्हणाले.

मी मामाकडे गेले. फुटक्या काचेच्या जागी त्याने पुठ्ठा लावला होता. मी नाही नाही ते बोलले. तो सुरुवातीला ऐकून घेत होता, मग तोही भडकला. "तू कापलंस, मी वाचलं. मला काय माहीत पुढच्या ओळीत काय आहे? आणि वाचून झाल्यावर तीन हजार माणसं टाळ्या वाजवत होती गं. मला जन्मात कोणी टाळ्या वाजवल्यात का? जाऊ दे. माझी काच फुटली तेव्हा भावजींनी एक फोन केला? त्यांनी एकदा 'ये' म्हणावं, मी येतो."

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "मी? मी म्हणू?"

साडेसातला आता टीव्ही लागायला लागला. दिवसभर चालायचा. आमचंच चॅनेल. ती दहा सेकंद तासातून दोनदा, प्रत्येक चर्चेच्या आधी. पिवळ्यांचा प्रवक्ता बाबांसाठी रडायचा, जांभळ्यांचा मामासाठी गरजायचा, दोघांपैकी एकालाही आमचं घर कुठे आहे हे माहीत नव्हतं. बाबा मान हलवत ऐकायचे. मामाचं नाव आता ते घेत नसत, "ते लोक" म्हणत.

आमच्याकडे कच्चं चित्रीकरण पंधरा दिवस ठेवतात, मग आपोआप पुसलं जातं. ते बाहेर नेलं तर नोकरी जाते. चौदाव्या दिवशी मी ते फोनमध्ये उतरवून घेतलं. मनातून मी उड्या मारत होते. अख्खं होतं की! भावजी होतं, हसणं होतं, सगळं होतं. एकदा बाबांना ऐकवलं की झालं, मग दोघांना एका खोलीत कोंडायचं काम माझं.

सकाळी टीव्ही लागायच्या आधी मी त्यांच्या शेजारी बसले. "बाबा, फक्त ऐका." फोन लावला. मामाचं "भावजी" आलं. थट्टा आली. त्याचं ते घोड्यासारखं हसणं आलं. मग बाबांचं उत्तर, मग त्यांचं स्वतःचं हसणं, खोकल्यात संपणारं. बाबांनी मान एका बाजूला केली. "पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. त्यांचे ओठ किंचित हलले. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"हे हसणं कुठलं घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"कुठलं म्हणजे?"

"तुझी आई होती तेव्हाच्या व्हिडिओतलं दिसतंय. माझंही तिथलंच घेतलंस."

"बाबा, अहो, अख्खं आहे हे! एका जागीही हात लावलेला नाही. तुमची शप्पथ."

"मी हसलो नव्हतो त्या दिवशी." ते अगदी शांतपणे बोलत होते, लहान मुलाला समजवावं तसे. "मला आठवतंय ना. रोज ऐकतोय."

"मग उभं राहून विचारलं काय होतं तुम्ही? तेवढं तरी सांगा."

"त्याला जाब विचारला होता, भर सभेत."

मशीन त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. मी चिडले, ओरडले, त्यांचा हात धरून फोनवर ठेवला, जणू बोटांना कळणार होतं. त्यांनी माझ्या हातावर दुसऱ्या हाताने थोपटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्यासाठीच केलंस ते," ते म्हणाले. "पदरचं काही घालत नाही म्हणायचीस, आज घातलंस. आणि छान जोडलंयस हो, सांधा कुठे लागत नाही हाताला."

मग त्यांनी चाचपडत रिमोट शोधला आणि टीव्ही लावला. साडेसात वाजले होते. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून ते टीव्हीकडे वळून बसले आणि मला म्हणाले, "आवाज जरा वाढव."

मी वाढवला.