कानिफनाथचा पहारा

दुष्काळात सरकारनं लोकांना फोडायला दगड दिले आणि आम्हा पोलिसांना लोक फोडायला लाठ्या. खर्ड्याकडच्या एका कामावर मजुरांना खायला वाटायची सुकडी संपली, बाया ओरडायला लागल्या. फौजदारानं हुकूम दिला. शिपाई कानिफनाथनं लाठी हाणली. बाई पडली, पदर सरकला, तेव्हा त्याला तोंड दिसलं. भागूबाई. त्याची सख्खी मावशी. तिचा हात मोडला, ती वाचली. कानिफनाथची झोप मात्र त्या दिवसापासून गेली.

बराकीत ताप चालतो, जुलाब चालतात. डोकं बिघडलं म्हटलं की शेरा बसतो आणि नोकरी जाते. म्हणून हवालदार सहादेवनं त्याच्यासाठी रजा मागितली तीही पोटदुखीच्या नावानं.

"बंदोबस्त काय तुझा बाप करील? रजा बंद," फौजदार म्हणाला.

मग सहादेवनं आणि मी मिळून ठरवलं, कानिफनाथच्या हाती बंदूक द्यायची नाही. कचेरीच्या तिजोरीवर त्याच्या पाळीला मी उभा राहायचो. त्याला पाणी भरायला धाडायचो. आम्हाला वाटलं, गड्याला जपतोय. पण त्याला कुणी विचारलं होतं? पोलिसाची बंदूक काढली की तो मेल्यात जमा, हे आम्हालाही ठाऊक होतं.

एका दुपारी त्यानं बादली आपटली.

"येडा ठरवलाय का मला? गाव म्हनतंय, मावशीला मारलं. तुमी म्हनताय, बंदुकीला हात लावू नको. मग मी ऱ्हायलो कशाला?"

"आरं, तसं न्हाई…" मी म्हणालो.

"गोरक्ष, तू गप," सहादेव म्हणाला. इतके दिवस जे विचारायला आम्ही दोघंही भीत होतो, ते त्यानं सरळ विचारलं. "कानिफ, जीव द्यायचं मनात येतं का रं?"

कानिफनाथ सांडलेल्या बादलीपाशी खाली बसला. "येतं, दादा. बंदूक दिसली की येतं. न्हाईतर आड दिसतो."

"आडात पानी कुठं हाय, भाड्या? नुस्ता गाळ," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला. हसता हसता रडायला लागला. सहादेव त्याच्या शेजारी मातीत बसला, गणवेशाची फिकीर न करता.

"आता आमच्या मनानं काय न्हाई," तो म्हणाला. "रोज इचारनार. बंदूक घ्यायची का न्हाई, ते तू सांगायचं. पन खरं सांगायचं."

"आज नगं."

माझी पाळी संपली होती, आता कानिफनाथची होती; पण माझे पाय उचलत नव्हते. सहादेवनं बंदूक घेतली आणि स्वतः उन्हात उभा राहिला. हवालदार पहाऱ्याला उभा राहत नसतो. फौजदार आला तो बघूनच भडकला.

"फीत उतरवू का तुझी? तो कुठाय?"

"पोट बिघडलंय त्याचं, साहेब."

"पोट न्हाई, साहेब." कानिफनाथ बाहेर आला होता. "झोप लागत न्हाई. मावशीवर लाठी चालवली मी. तुमच्या हुकमानं."

फौजदारानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सहादेववर रिपोर्ट करतो म्हणाला आणि जीपमध्ये बसून गेला. असल्या माणसाला काय म्हणायचं?

दिवस मावळताना मी कानिफनाथला विचारलं, "घेतोस?"

"न्हाई."

"बरं," म्हणालो आणि त्याच्या पाळीला उभं राहायला सुजलेले पाय बुटात कोंबले.