पाचवा हात

गहिनीनाथ बोलायला उभा राहिला, तेव्हा त्रिंबक त्याची वाक्ये मनात पुढे पुढे म्हणत होता. ती त्रिंबकनेच उन्हाळाभर रचली होती. कालव्याच्या पाण्याची पाळी तलावाजवळच्या गावापासून सुरू होते; दुष्काळात ती उलटावी, शेवटच्या गावाला पाणी आधी मिळावे. शेवटचे गाव गहिनीनाथचे. ज्वारीला एकही पाणी मिळाले नाही, तर तिथली माणसे दसऱ्यालाच ऊसतोडीला निघणार होती, शाळेतल्या पोरांसकट.

त्रिंबकला चार माणसांत बोलता येत नसे, म्हणून शब्द त्याने मित्राच्या स्वाधीन केले होते. केजच्या त्या सभागृहात ते गहिनीनाथच्या भरदार आवाजात उभे राहिले आणि त्याचेच होऊन गेले. म्हातारे आश्रुबा गहिवरून म्हणाले,

"लई डोकं चालवलंस, पोरा. आमच्या ध्यानात हे कावून आलं न्हाई?"

गहिनीनाथ नुसता हसला. त्या हसण्यामागून आपले नाव येईल, म्हणून त्रिंबक वाट पाहत राहिला. आले नाही.

पाच गावांचा करार बदलायचा, तर पाचही प्रतिनिधींचे हात वर हवेत, हा पाणीवापर संघाचा पहिल्यापासूनचा नियम. गहिनीनाथचा हात गेला, आश्रुबांचा गेला, अध्यक्ष सुंदररावांचा गेला. उरले त्रिंबक आणि बबनराव. तलावालगतचे गाव बबनरावांचे. धास्ती होती ती त्यांचीच.

त्रिंबकने सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला. तो रुतला, तरी गुंडाळतच राहिला. बबनरावांनी ते बोट पाहिले. मग चेहरा पाहिला. आणि सावकाश, बाही नीट करून, त्यांनी आपला हात वर केला.

टाळ्या पडल्या, विरल्या. सुंदररावांनी त्रिंबककडे दोनदा पाहिले. मग ठराव बारगळल्याचे जाहीर केले.

बाहेर गहिनीनाथने त्याला गाठले.

"गावानं अडवलं का रं तुला?"

त्रिंबकने होकारार्थी मान हलवली.

"मग तू तरी काय करणार? बबनराव कबूल झाले, हेच लई हाय." त्याच्या खांद्यावर हात ठेवून गहिनीनाथ एसटी स्थानकाकडे गेला.

बबनरावांची जीप जवळ येऊन थांबली. त्यांनी शेजारची सीट रुमालाने झटकली. त्रिंबक बसला. वाटेत कराराचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही. त्याच्या गावाचा फाटा आला, तेव्हा बबनराव म्हणाले,

"पुढच्या बैठकीलाबी तूच ये. तुमच्या गावात मी सांगून ठेवतो."