लाव्हॉन प्रूइटची मुदतवाढ

"पडल्यावर कण्हत उठतोय तोवर काळजी नाही, पोरी," मिस व्हर्डेल म्हणाल्या होत्या. "हसत उठायला लागला की मात्र त्याच्यावरची नजर काढू नकोस."

लेक डेसी पोटात असताना संघातल्या खेळाडूंच्या बायकांनी कोरीनसाठी मेजवानी केली होती, तिथलं हे बोलणं. मिस व्हर्डेलच्या हातात पीचच्या गोडाची कागदी बशी होती. 'मिस' ही वडीलधाऱ्या बाईला हाक मारायची तिकडची रीत; त्यांचा नवराही एके काळी याच संघात, कोरीनच्या नवऱ्याच्या, लाव्हॉनच्याच जागेवर धावायचा. त्या दिवशी तो बाहेर गाडीत काचा वर करून बसला होता. माणसांचा गलका त्याला सोसत नसे. कोरीनने मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाई दुखावलेली आहे, बोलणारच. कोरीनने कॉलेजात जीवशास्त्र केलं होतं. मेंदूचा कुठला भाग काय करतो हे तिला रंगीत चित्रांसकट पाठ होतं. हसण्याकण्हण्यावरून तिला कोणी काय शिकवावं? तिने आणखी थोडं गोड वाढून घेतलं आणि विषय बदलला.

लाव्हॉन लॅम्पलायटर्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. लांबुळका चेंडू पोटाशी धरायचा आणि समोर उभ्या माणसांच्या भिंतीत फट शोधून घुसायचं. फट नसेल तर डोकं घालून पाडायची, हे त्याचं काम. त्या तळ्याकाठच्या शहरात धुकं असं उतरतं की समोरचं घर जागेवर आहे की नाही याचीही खात्री वाटू नये. सामन्याआधी स्टेडियमचे मोठे दिवे मालवतात, लोक हातातले छोटे कंदील लावतात, आणि त्या हलत्या उजेडातून लाव्हॉन धावत बाहेर येई. कोरीनला ते सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं वाटे. तो इतका अलगद धावे की त्याला अडवायला आलेली माणसंच चुकून दुसऱ्याच्या स्वप्नात शिरल्यासारखी दिसत.

पण या धंद्यात तिशी म्हणजे साठी, आणि लाव्हॉनने त्या वसंतात तिशी ओलांडली होती. करार संपत आला होता. तो दोन वर्षांनी वाढवावा की म्हाताऱ्याला हार घालून निरोप द्यावा, यावर अख्खं शहर उन्हाळाभर भांडत होतं. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, रेडिओवर. किराण्याच्या दुकानात तर कोरीनला चुकवताच येत नसे.

"काय गं, नवऱ्याचे गुडघे कसे आहेत?" गल्ल्यावरच्या डॉटीने विचारलं.

"जागेवर आहेत."

"दोन्ही?"

"सकाळी तरी होते."

मागे बिअरचा खोका घेऊन उभा असलेला माणूस खाकरला. "घोडा झकास होता, त्यात वाद नाही. पण म्हाताऱ्या घोड्याला तरण्याचा भाव देतं का कोणी?"

"अरे ए, त्याची बायको उभी आहे इथे," डॉटी म्हणाली.

"मग बरंच झालं. घरचं माणूस खरं सांगेल." तो कोरीनकडे वळला. "खरं सांगा वहिनी, पळेल का अजून दोन वर्षं?"

"तुम्ही हा खोका गाडीपर्यंत पळत न्या, मग सांगते."

तो खो खो हसला. एवढं बोलून वर त्याने डोक्यावरची लॅम्पलायटर्सची टोपी काढून पुढे केली. साहेबांची सही मिळेल का म्हणे, भाच्यासाठी.

रविवारी दुपारी ओमारी जेवायला येई. ओमारी टिब्स, जॉर्जियातल्या कुठल्याशा खेड्यातून नुकताच संघात आलेला, लाव्हॉनचीच जागा शिकणारा पोरगा. उद्या जो आपल्या ताटातलं ओढून घेणार त्यालाच लाव्हॉन आग्रह करकरून मासे वाढी. त्या दिवशीही बशी भरत तो म्हणाला, "आता नीट ऐक, बाळा. सरावाच्या कॅम्पच्या पहिल्या दिवशी डॉक्टर तुला पडद्यासमोर बसवतील. शब्द दाखवतील, आकृत्या दाखवतील, मग म्हणतील आठव. तू काय करशील?"

"आठवीन."

"गाढवा. तू विसरशील. थोडं थोडं, संशय येणार नाही इतपत. ते लोक तेवढं तुझं डोकं धरून चालतात. पुढे कधी टाळकं सडकून निघालं की पुन्हा तीच परीक्षा घेतात आणि पहिल्याशी ताडून बघतात. पहिलीच बेतास बात असली की काय फरक दिसणार? पुढच्या रविवारी तू मैदानावर."

"आणि खरंच काही झालं असलं तर?"

"तर मैदानावर कळेलच," लाव्हॉन म्हणाला आणि हसला. ओमारीही हसला. कोरीनने हा किस्सा इतक्यांदा ऐकला होता की तीही सवयीने हसली. संघात आल्यापासून लाव्हॉन दर वर्षी ही परीक्षा मुद्दाम बिघडवत आला होता. त्यात कोणाला पाप वाटत नसे. बुटांच्या नाड्या बांधण्यासारखंच ते एक काम होतं.

जुलैच्या तोंडावर संघाचे व्यवस्थापक मिस्टर लिंडक्विस्ट यांनी निरोप धाडला: दोन वर्षांची मुदतवाढ द्यायला आपण तयार आहोत, फक्त यंदा कॅम्पच्या आधी डॉक्टरांनी पूर्ण तपासणी करावी. गुडघे, हृदय, डोकं, सगळं.

"या खेपेला खरी परीक्षा देतो," लाव्हॉन म्हणाला. "त्यांना दाखवतोच, म्हाताऱ्याच्या डोक्यात केवढा उजेड आहे. तू माझी तयारी घे, कोरी. मास्तरीण हो."

त्या दुपारी डेसी सोफ्यावर झोपली होती. तळ्यावरून धुकं आलं होतं आणि खिडकीबाहेरचं झाड असून नसल्यासारखं झालं होतं. लाव्हॉनच्या आईने मिसिसिपीहून चवळीच्या शेंगा पाठवल्या होत्या. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या सोलत होती. कोरीनने हळूच म्हटलं, "होडी. खिळा. पीच. टोपी. घंटा."

"होडी, खिळा, पीच, टोपी, घंटा," लाव्हॉन म्हणाला. "हे काय, बालवाडी?"

"थोड्या वेळाने विचारीन."

दाणे भांड्यात पडत राहिले. त्याने आईच्या परसातली गोष्ट सांगितली, कोंबड्यांच्या मागे पळून पाय कसे चपळ झाले ती. घरात एवढी शांतता होती की डेसीचा श्वास ऐकू येत होता. कोरीनला वाटलं, आपण तिघं एका मोठ्या थेंबात बसलो आहोत आणि थेंब अजून पडलेला नाही.

"आता सांग."

"होडी," तो लगेच म्हणाला. मग थांबला. शेंगेवरचा अंगठा थांबला. "होडी... मासा."

"मासा नव्हता."

"होडीत असतो की." तो हसला.

कोरीनही हसली. "पुरे झालं सोंग. डॉक्टर नाहीत इथे."

"पीच," तो म्हणाला. "होडी, पीच." आणि तो खिडकीकडे बघत राहिला, धुक्यात कुणी ओळखीचं जाताना दिसल्यासारखा. त्याच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं. काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

"लाव्हॉन, सोंग पुरे म्हटलं ना."

"मी सोंग नाही करत आहे, कोरी."

तिने पुन्हा पाच शब्द दिले, सोपे. मग आणखी. तो शहाण्या मुलासारखा प्रत्येक वेळी नीट बसून ऐके, आणि प्रत्येक वेळी दोन, फार तर तीन शब्द हाताला लागत. बाकीचे कुठल्या कुठे. डेसी तेव्हा बोलायला शिकत होती. सकाळी "चिमणी" आली, दुपारी "चमचा" आला. घराच्या एका दाराने शब्द येत होते आणि दुसऱ्या दाराने चपला हातात घेऊन, आवाज न करता, निघून चालले होते. कधीपासून, ते कोरीनला ठाऊक नव्हतं. तिची रंगीत चित्रं तिच्या काही कामाला आली नाहीत.

तपासणीच्या दिवशी लाव्हॉनने जीव तोडून परीक्षा दिली. परतला तो गाडीतूनच हात हलवत.

"डॉक्टर काय म्हणाले?" कोरीनने विचारलं.

"म्हणाले, तुझं डोकं पहिल्या वर्षी होतं तसंच आहे. तसूभर फरक नाही. असा स्थिर माणूस आम्ही पाहिला नाही म्हणाले." तो दारातच उभा होता. "शनिवारी सह्या."

कोरीनला उमगलं, इतकी वर्षं त्याने जी खोटी पातळी आखून ठेवली होती, तिथवर तो आता खरोखरच उतरला होता, आणि म्हणून कोणालाच काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त या घरातल्या दोघांना.

"त्यांना सांगायला हवं," ती म्हणाली.

"काय सांगू? मी दर वर्षी फसवत आलो ते?"

"हो."

"दोन वर्षं गं, कोरी. दोन वर्षांनी मी तुझाच आहे. मग बसव मला शेंगा सोलायला." त्याने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. ते कपाळ उबदार होतं आणि आत काय चाललंय ते बाहेरून काहीच कळत नव्हतं.

"दोन वर्षांनी तुला मी आठवेन का?"

तो डेसीला उचलून अंगणात गेला.

शनिवारी सकाळी सरावाच्या मैदानावर बोलावणं होतं. फोटोवाले, संघाची माणसं, टेबलावर पांढरा कपडा. धुकं अजून उठलं नव्हतं. गोलाचे खांब अर्धेच दिसत होते, वरचा भाग आभाळाने ठेवून घेतलेला. मिस्टर लिंडक्विस्ट उंच, वाकलेले, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. सह्यांच्या आधी ते लाव्हॉन आणि कोरीनला घेऊन रेषेरेषेने थोडे चालले. डेसी पुढे ओल्या गवतातून दुडदुडत होती.

"बाहेर लोक मला वेड्यात काढतायत," ते म्हणाले. "तीस वर्षांच्या धावकाला दोन वर्षं. माझा मुलगाही म्हणतो, बाबा, तुमचं काळीज मध्ये येतंय." ते थांबले. "तुम्ही घरी बघता त्याला, मिसेस प्रूइट. तुम्ही सांगा. धावेल?"

किराण्याच्या दुकानातला प्रश्न. तिथे तिने तो हसून परतवला होता. तिने लाव्हॉनकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. डेसीच्या मागे, धुकं जिथे गवताला टेकलं होतं तिथे बघत होता. त्याचे हात चेंडू धरल्यासारखे पोटाशी होते.

"धावेल," कोरीन म्हणाली. तिचा आवाज तिला फार लांबून आला. "धावायचं त्याला आठवतं. पण ती परीक्षा त्याने दर वर्षी मुद्दाम बिघडवली होती, मिस्टर लिंडक्विस्ट. यंदा नाही बिघडवली."

कुठेतरी तळ्यावर बोटीचा भोंगा झाला आणि विरला. मिस्टर लिंडक्विस्टनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातला. त्यांना समजायला जेवढा वेळ लागायला हवा होता, तेवढा लागला नाही, हे कोरीनच्या नंतर लक्षात आलं.

"लाव्हॉन?" ते म्हणाले.

"बायकोला खोटं बोलता येत नाही, सर," तो म्हणाला. "माझ्याकडून शिकलीच नाही." आणि तो डेसीला धरायला गेला, कारण ती धुक्यात दिसेनाशी झाली होती.

सह्या झाल्या नाहीत. रेडिओवर कारण गुडघ्यांचं सांगितलं. डॉटी म्हणे दुकानात रडली, आणि बिअरवाला म्हणाला, मी म्हटलंच होतं. गाडीत लाव्हॉनने कोरीनला एवढंच विचारलं, "तुला माझी लाज वाटत होती का?" ती म्हणाली, "भीती वाटत होती." त्यानंतर उन्हाळा संपेपर्यंत तो तिच्याशी कामापुरतं बोलला. आता ती तिघं मिसिसिपीत त्याच्या आईजवळ राहतात. तो परसात चवळी लावतो, डेसीला खांद्यावर घेऊन ओढ्यापर्यंत जातो. कधी ओढ्याचं नाव विसरतो, तेव्हा डेसी सांगते, आणि दोघांना त्यात मोठी गंमत वाटते. कोरीनवरचा त्याचा राग पुरता गेलेला नाही. ती म्हणते, राहू दे. राग आठवतोय तोवर बरंच आहे.

तिचा जीव अडकला आहे तो ओमारीत. लाव्हॉनची जागा त्याला मिळाली. पहिलाच हंगाम, आणि कंदिलांच्या उजेडात तोही तसाच अलगद धावतो. सप्टेंबरात त्याला जबर टोला बसला. टीव्हीवर कोरीनने पाहिलं की उठून तो आधी दुसऱ्याच संघाच्या बाकाकडे चालू लागला. आठवड्यात परीक्षा झाली, फरक दिसला नाही, आणि पुढच्या रविवारी तो मैदानावर होता. तिने मिस्टर लिंडक्विस्टना फोन केला. "पोराचं छान चाललंय, मिसेस प्रूइट," ते म्हणाले, आणि लाव्हॉनची चौकशी केली. ओमारी तर तिचे फोन घेतच नाही. लाव्हॉनने स्वतः फोन केला, तेव्हा घेतला. म्हणाला, "मी मजेत आहे, गुरुजी," आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला.

तर तुमच्यापैकी कोणी त्या तळ्याकाठच्या शहरात असाल, तर कोरीनचं एक मागणं आहे. ओमारी कालव्याच्या रस्त्यावर, होड्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, माडीवर एकटा राहतो. बेल बिघडलेली आहे, दार ठोठावावं लागतं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याच्याकडे जाऊन या. काहीतरी खायला घेऊन जा, म्हणजे तो आत घेईल. खेळाचं विचारू नका, ती उत्तरं त्याला पाठ आहेत. काल रात्री काय जेवलास ते विचारा. तो आठवू लागला की शब्द पुढे करू नका, घाई करू नका, थांबा. मग तो काय म्हणाला ते कोरीनला कळवा.