अकरावी चौकट

मित्रांनो, मी एक जुना स्टॅक आहे. हे नाव तुम्ही बहुधा ऐकले नसेल, आणि मला ते नीट समजावता येईल की नाही याची शंकाच आहे. तरी प्रयत्न करतो. पाण्यातून वीज सोडली की त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू सुटतात. ते काम माझ्या पोटात चालते. तिथे चोवीस कप्पे आहेत, भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक. प्रत्येक कप्प्यात धातूची प्लेट, जाळ्या, एक पातळ पडदा, रबरी गॅस्केट आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी प्लॅस्टिकची चौकट. वर-खाली जाड लोखंडी पाट, आणि ते आवळणारे सोळा बोल्ट.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मुलांना सांगायच्या गोष्टीत सूड नसावा म्हणतात. माझ्या गोष्टीत तो आहे, आणि त्याचा मला पश्चात्ताप होत नाही. निदान अजून तरी.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात झुंबरबाईंनी मला जुळवले. त्याला तीन दिवस लागले. सुटे गॅस्केट जागेवरून सरकत, म्हणून त्या ते शुद्ध पाण्यात बुडवून अंगठ्याने चिकटवत. माझी चौकट दोन्ही बाजूंनी सारखीच दिसे. पण उलटी बसली तर हायड्रोजनच्या वाटेत ऑक्सिजन शिरे. म्हणून बाई प्रत्येक चौकट दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरत, भोके पाहत आणि मगच ठेवत.

दोन वर्षे मी चांगले काम केले. पाहुणे आले की माझ्यापाशी उभे राहून फोटो काढत. मग एकदा मला साफसफाईसाठी उघडले आणि बाई पुन्हा जुळवायला बसल्या. दहा चौकटी झाल्या तेव्हा जेवणाची सुट्टी झाली आणि त्या हात धुवायला गेल्या. मला आखणारे इंजिनियर उन्मेषसाहेब घाईत होते. एका हाताने कानाशी मोबाईल धरून त्यांनी दुसऱ्या हाताने अकरावी चौकट उचलली. मनगटाबरोबर चौकट फिरली आणि माझ्या अंगावर उलटी पडली. वर गॅस्केट, पडदा, जाळी ठेवून ते बोलत बोलत निघून गेले. मी ओरडू शकलो नाही. बाई परतल्या तेव्हा अकरावी झाकली गेली होती; त्यांनी बारावीपासून पुढे लावल्या.

चाचणीत दोन्ही वायू मिसळू लागले. धोक्याची घंटा वाजली आणि यंत्र आपोआप बंद पडले, म्हणून निभावले. मला उघडल्यावर कारखान्याचे मालक नृसिंहराव यांनी विचारले, "ही अकरावी कोणी लावली?"

"झुंबरबाईंनी," उन्मेषसाहेब म्हणाले. सगळे कामगार भोवती होते.

"न्हाय साहेब, मी धा चौकटी लावून जेवाय गेलते."

"आठवत नसेल तुम्हाला. वयानं होतं असं."

बाईंचा चेहरा उतरला. तरी त्या म्हणाल्या, "कुणीबी लावली असंल. चौकटीचा एक कोपरा उडवा की. मग ती उलटी बसायचीच न्हाय."

"आता डिझाइनही तुम्हीच करणार का, बाई?"

सगळे हसले. बाईंची रवानगी प्लेटा धुण्याच्या हौदावर झाली. त्या दिवसापासून मी एकच इच्छा बाळगली: या माणसाची अशीच, सगळ्यांसमोर, फजिती व्हावी.

वर्षभराने नवा स्टॅक आला. त्यात गॅस्केट चौकटीलाच जोडलेले होते, बोल्ट आठच होते, आणि सुटे भाग निम्म्याहून कमी. तीन दिवसांची जुळणी एका दुपारवर आली. ते काम उन्मेषसाहेबांचे होते आणि चांगले होते, हे सांगायला हवे. पण प्रत्येक चौकटीचा एक कोपरा कापलेला होता, आणि खालच्या पाटावर त्या कापलेल्या जागेत बसेल अशी एक उभी खुंटी होती. तो कोपरा त्यांचा नव्हता.

पुण्याहून पाहुणे आले. एका टेबलावर उन्मेषसाहेब नवा स्टॅक जुळवणार होते आणि दुसऱ्यावर झुंबरबाई मला. जुनी पद्धत किती रेंगाळते ते पाहुण्यांना दिसावे, म्हणून बाईंना हौदावरून मुद्दाम बोलावले होते. बाईंच्या बोटांखाली मी उन्मेषसाहेबांकडे पाहत मनोमन म्हणत होतो, चूक, चूक, उलटी टाक एक.

आणि पाहुण्यांशी बोलता बोलता साहेबांनी एका हाताने चौकट टाकली, उलटी. पण खुंटीने तिला खाली बसू दिले नाही. मी चडफडलो. बाईंच्या कोपऱ्यानेच त्यांना वाचवले होते!

"हे छान आहे," एक पाहुणे म्हणाले. "कसं सुचलं तुम्हाला?"

"अनुभवातून."

"कुणाच्या?" मान वर न करता बाई म्हणाल्या.

नृसिंहरावांनी वळून पाहिले. "काय म्हणालात?"

"साहेबांनी आत्ता बोलत बोलत टाकली न्हवं, तशीच अकरावीबी टाकली असंल. मी तवा जेवाय गेलते."

"उन्मेष?"

साहेबांच्या हातात ती उलटी चौकट तशीच होती. "बाई, उद्यापासून जुळणीला या परत. झालं?" ते हळू आवाजात म्हणाले.

"झालं कसं? चारचौघांत माझं नाव घेतलासा. चारचौघांतच सोडवा."

साहेबांनी हातातली चौकट टेबलावर ठेवली.

"अकरावी चौकट मी लावली होती."

"मागं ऐकू येईना, साहेब," बाई म्हणाल्या.

मागे हौदावरच्या बायका ओल्या हातांनी उभ्या होत्या. साहेबांनी तेच वाक्य मोठ्याने म्हटले.

"आन कोपरा?"

"कोपरा झुंबरबाईंचा."

त्यांचे कान लाल झाले होते. मला दया यायला हवी होती. आली नाही. मला तिसऱ्यांदा ऐकायचे होते.

मित्रांनो, एखादी वस्तू उलटी बसली तर कोणी बसवली हे विचारण्याआधी ती उलटी बसूच कशी शकली, हे विचारा. ती सुधारायची असेल तर रोज तिला हात लावणाऱ्या माणसाचे ऐका. आणि आपली चूक गरिबाच्या माथी मारू नका. एवढे माझे ऐकाल ना?

मी आता कारखान्याच्या दाराशी काचेच्या कपाटात असतो. झुंबरबाई नवे स्टॅक जुळवतात आणि शनिवारी मला पुसतात. पाहुण्यांना माझी माहिती उन्मेषसाहेबांनीच द्यायची, आणि ती अकराव्या चौकटीपासून सुरू करायची, असे मालकांनी ठरवून दिले आहे. गेल्या महिन्यात नऊ वेळा पाहुणे आले.